घडवंचीवरचं पाणी : एका घराचं प्रकरण

जुलै २०२४. रात्री नऊच्या सुमाराला मामेभावाच्या बायकोचा फोन आला. बाळाला पुन्हा जुलाब लागले होते. चौदा महिन्यांचं पोर, आणि दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. तालुक्याच्या डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक सुरू केलं होतं, पोर हसतखेळत होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण निघताना डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पाजता?" त्या प्रश्नाने सगळं घर गोंधळून गेलं, कारण बाळाला तर ते विकतचं आरओचं पाणी पाजत होते.

"ताई, आता घरातच मशीन बसवायचं ठरलंय," वहिनी म्हणाली. "अठरा हजार सांगितलेत. तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना, कुठलं घेऊ तेवढं सांगा."

मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. तोवर बाळाचं पाणी खळखळून उकळ, उकळी फुटल्यावर मिनिटभर तशीच राहू दे, आणि त्याच भांड्यात झाकून ठेव. मी येते.

त्या रविवारी आणि पुढच्या सहा महिन्यांत काय झालं ते इथे लिहिते आहे. घरच्यांची परवानगी आहे, नावं तेवढी गाळली आहेत.

घरात येणारी तीन पाणी

मामाचं घर अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या कालव्याखालच्या एका वाडीत. ऊस, कांदा, चार गाई. घरात माणसं सात: आजी, मामा, मामी, भाऊ, वहिनी, सहा वर्षांची पुतणी आणि बाळ. शिवाय धाकटी मामेबहीण सप्टेंबरात बाळंतपणाला येणार होती, म्हणजे घरात तान्हं बाळही असणार होतं. ही गोष्ट मी पहिल्यापासून डोक्यात ठेवली होती, कारण पाण्यातल्या काही गोष्टी मोठ्यांना चालून जातात, तान्ह्याला चालत नाहीत.

पाणी तीन ठिकाणांहून यायचं. पहिलं बोअरचं. अंगणात गोठ्यापासून पंधरा-वीस पावलांवर बोअर. पाणी मचूळ, त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या बुडाला खडूसारखा पांढरा थर धरतो. दुसरं ग्रामपंचायतीच्या नळाचं, दिवसाआड पाऊण तास. हे शुद्धीकरण होऊन येतं, चवीला गोडं, पण क्लोरीनचा वास येतो म्हणून आजीला नावडतं. तिसरं वाडीच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या एटीएमचं: पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर आरओचं पाणी. भाऊ ते दोन दिवसांनी मोटरसायकलवरून कॅनमध्ये आणायचा आणि ते फक्त मुलांसाठी राखून ठेवलेलं असायचं.

मोठी माणसं नळाचं पाणी माठातून आणि तांब्याच्या हंड्यातून प्यायची. आणि विचारल्यावर कळलं की बाळाची नाचणीची पेज आणि वरणभात मात्र बोअरच्या पाण्यात शिजायचा. "उकळतंच की ते," मामी म्हणाली. तिचं बरोबरच होतं, जंतूंपुरतं.

मळकट गाळाचा प्रयोग

मशीन घ्यायचं कसं ठरलं तेही सांगायला हवं, कारण असंच घरोघरी ठरतं. एक विक्रेता येऊन गेला होता. त्याने दोन पेले घेतले, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत विजेची एक जोडकांडी बुडवली. दोन-तीन मिनिटांत नळाचं पाणी हिरवट-तपकिरी झालं, वर गलिच्छ तवंग आला, खाली गाळ बसला. आरओचं पाणी जसंच्या तसं. "हे तुम्ही बाळाला पाजता," असं तो म्हणाला. वहिनीला त्या रात्री झोप लागली नाही.

मला त्या माणसाचा राग आला. आईच्या काळजीवर धंदा करायचा ही मला फार वाईट गोष्ट वाटते. त्या कांडीत एक सळई लोखंडाची असते, एक बहुधा ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आणि वीज वाहिली की सळईचं लोखंड सुटून त्याचा गंज पाण्यात उतरतो. दिसतो तो गाळ सळईचा असतो, पाण्यातला नसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि काहीच घडत नाही.

रविवारी मी नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन खिळे घेऊन गेले. आरओच्या पाण्याच्या पेल्यात खिळे सोडले, काही झालं नाही. मग त्यातच वहिनीला चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं, मामीच्या डब्यातलं, भाजीत घालतो तेच. खिळ्याभोवती आधी बारीक बुडबुडे, मग हिरवट धूर उतरावा तसा रंग, आणि चहा पिऊन होईपर्यंत पेला गढूळ तपकिरी. वहिनी बराच वेळ त्या पेल्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला उगाच घाबरवलं."

आरओ वाईट नाही, हेही तिथेच सांगितलं. बोअरचं पाणी प्यायला दुसरा पर्यायच नसता तर मी स्वतः म्हटलं असतं की मशीन घ्या.

एक तास, नुसतं बघत

तपासणी करण्याआधी मी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले आणि तासभर नुसती घडवंचीकडे बघत राहिले. ज्यांना कुणाला असा प्रश्न पडलाय त्यांनी आधी हेच करावं, याला पैसा लागत नाही.

घडवंचीवर माठ, शेजारी तांब्याचा हंडा, खाली स्टीलचं पिंप. पिंपाला तोटी होती, पण ती गळते म्हणून चिंधी बांधून कायमची बंद केलेली. माठावर स्टीलची ताटली, ताटलीवर उपडं फुलपात्र. बाजूच्या खिळ्याला लांब दांड्याचं ओगराळं अडकवलेलं, अगदी नीट, पण ते वापरत होती एकटी मामीच. मामा गोठ्यातून आले, हात धोतराला पुसले आणि फुलपात्रच माठात बुडवलं. पुतणीने टाचा उंचावून बुडवलं, तिचा हात मनगटापर्यंत ओला झाला. शेजारचा गडी आला, त्यानेही तसंच. त्या तासात माठात अकरा वेळा काही ना काही बुडालं, आणि त्यातल्या सात वेळा पाण्याला बोटं लागली. उपडं ठेवलेलं फुलपात्र ताटलीवर, ताटलीवर माशा, आणि तेच फुलपात्र पुन्हा आत.

मुलांचा कॅन ओसरीवर. पारदर्शक प्लॅस्टिक, सकाळची उन्हं थेट त्यावर. बूच दोऱ्याने बांधलेलं, दोरा जमिनीवर लोळत होता. मी बूच काढून आत बॅटरी मारली. आतल्या खांद्याला, जिथे कॅन वळतो तिथे, हिरवट बुळबुळीत थर होता. बोट घालून बघावं तर तोंड इतकं लहान की बोटाचं टोकही तिथवर पोचेना. म्हणजे आजवर तिथे घासणीही पोचली नव्हती. दीड वर्षात कॅन नुसता खळबळून घेतला जात होता.

बाटल्या काळ्या पडल्या

गावच्या आरोग्यसेविका आशाताईंकडून मी पाण्यातले जंतू तपासायच्या एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाइडच्या) सहा बाटल्या घेतल्या. ही साधी चाचणी आपल्याच देशातली आहे: ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. एखादं खोल भूगर्भातलं पाणी दुसऱ्या कारणानेही काळं पडू शकतं, म्हणून शंका असली की प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

सहा बाटल्या अशा भरल्या: नळाची थेट धार, बोअरची थेट धार, एटीएमची थेट धार, ओसरीवरचा कॅन, माठ, आणि रात्रभर झाकून ठेवलेला तांब्याचा हंडा. सहाही बाटल्या फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवल्या. सोमवारी संध्याकाळी वहिनीने फोटो पाठवला. नळ स्वच्छ. एटीएम स्वच्छ. हंडा स्वच्छ. बोअर काळं. माठ काळा. आणि सगळ्यात काळाकुट्ट, शाईसारखा, मुलांचा कॅन.

फोटोखाली तिने एवढंच लिहिलं होतं: "बाळाचंच."

एटीएमचं पाणी धारेला स्वच्छ होतं आणि घरात येऊन नासलं. का, ते समजून घेण्यासारखं आहे. आरओचं मशीन पाण्यातलं जवळजवळ सगळंच काढून टाकतं, क्षार, जंतू आणि क्लोरीनसुद्धा. नळाच्या पाण्यात जो थोडा क्लोरीन उरलेला असतो तो रखवालदार असतो. भांड्यात बोट बुडालं, माशी बसली, तर काही काळ तो सांभाळून घेतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात प्यायच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा असं म्हटलंय ते यासाठीच. आरओचं पाणी बिनरखवालीचं. ते बुळबुळीत कॅनमध्ये दोन दिवस उन्हात ठेवलं की जंतूंना रान मोकळं. घरातलं सगळ्यात "शुद्ध" पाणी सगळ्यात वाईट भांड्यात, सगळ्यात लहान जिवासाठी ठेवलं जात होतं. यात कुणाचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पाणी कुठून आणायचं हे सगळे सांगतात. ते आणून कशात ठेवायचं हे सांगणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

रासायनिक तपासणीसाठी नळाचे आणि बोअरचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या उपविभागीय प्रयोगशाळेत दिले. नळाचं पाणी उत्तम निघालं: विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला २८० मिलिग्रॅम, नायट्रेट ८. बोअरचा टीडीएस १३८०, काठिण्य ६४० आणि नायट्रेट ६२.

यातला टीडीएसचा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो, कारण विक्रेत्यांच्या खिशातली ती पेनासारखी मीटर तोच दाखवते. मानकाप्रमाणे ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण मीटरला जंतू दिसत नाहीत, आणि क्षारांतला कुठला किती हेही कळत नाही. मला काळजी होती ती नायट्रेटची. त्याची मर्यादा ४५, आणि तिथे चालवून घेण्याची सोयच नाही. गोठ्याचं मूत, शोषखड्डा आणि उसाला पडणारा युरिया, तिन्हींचं नायट्रेट झिरपत बोअरला लागतं. मोठ्या माणसाला बहुधा काही होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध या पाण्यात कालवून पाजलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. मामीला हे पटायला वेळ लागला. मी तिला मिठाच्या पाण्याचं उदाहरण दिलं: आमटी आटली की खारट होते ना, तसंच. त्या दिवसापासून बोअर आंघोळीला, धुण्याला आणि गाईंना.

हंड्याचं काय

आता तांब्याकडे येते, कारण आजीशी खरी चर्चा इथेच झाली. बाटल्यांचा निकाल कळल्यावर आजी म्हणाली, "माझा हंडा बघा, लख्ख. तुमचे डबे काळे पडले." तिच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि मी ते मान्य केलं. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले हगवणीचे जंतू नाहीसे झालेले आढळले, आणि पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला साधारण ०.१८ मिलिग्रॅम भरलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम, आपल्या मानकाची शेवटची मर्यादा १.५. म्हणजे रात्री भरून सकाळी पिण्याची आजीची रीत बरोबर होती. यात किल्ली आहे ती वेळेची. दिवसा मामी तोच हंडा रिकामा झाला की भरायची आणि लगेच त्यातलं पाणी द्यायची. त्यात तांब्याला काही करायला अवसरच मिळत नव्हता.

पण पुतणीची बाटली निघाली आणि मी थबकले. शाळेसाठी तिला तांब्याची नवी बाटली घेतली होती, आणि फोनवर कुणाचा तरी संदेश आला म्हणून वहिनी रोज सकाळी त्यात अर्धं लिंबू पिळायची. पोरगी म्हणायची, मळमळतं. वहिनीला वाटायचं, शाळा टाळायची युक्ती आहे.

मी आजीसमोर लिंबाची फोड घेऊन हंड्याच्या काळपट काठावर अलगद फिरवली. जिथे फोड टेकली तिथे गुलाबी लख्ख रेघ उमटली. आजीने जन्मभर चिंच, कोकम, लिंबू-मीठ लावून तांबं उजळलं होतं; ही चमक तिला नवी नव्हती. "आजी, इथलं काळं गेलं कुठं?" मी विचारलं. तिने फोडीकडे पाहिलं. फोडीचा रस हिरवट झाला होता. "लिंबात," ती म्हणाली, आणि मग स्वतःच, "म्हणून तर ताक कळकतं." आपल्या भाषेत हा शब्द आहेच. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. लिंबूपाण्याच्या बाटलीत तेच घडतं हे फक्त कुणी जोडून पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून पुतणीला स्टीलची बाटली आणि मळमळ थांबली.

दुधाचं याहून गंभीर आहे आणि त्याचा इतिहास आपल्याच पुण्यातला आहे. लहान मुलांचं यकृत कठीण होत जाऊन मूल दगावायचं असा एक आजार भारतात होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी त्याचा माग काढला. या मुलांना अगदी लहानपणापासून वरचं दूध मिळत होतं आणि ते दूध बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असायचं. दूध तांब्याला धरून ठेवतं, ते सगळं बाळाच्या पोटात जायचं. १९८३ मध्ये त्यांनी हा संबंध 'द लॅन्सेट'मध्ये मांडला. पुढे घराघरांतली दुधाची भांडी बदलली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. औषधाने नव्हे, पातेलं बदलल्याने मुलं वाचली. वैद्यकाच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि मराठी घरांत ती फारशी कुणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

तेव्हा ठरलं असं: हंडा राहील, रात्री भरून सकाळी मोठ्यांनी प्यायचा, दुपारपर्यंत रिकामा. लिंबू, ताक, दूध, सरबत त्यात नाही. बाळाचं पाणी त्यात नाही. चिंचेने घासला की तीनदा विसळायचा.

मग कशात ठेवायचं

सगळ्यांना वाटत होतं मी एखादं नवं भांडं सांगेन. नवं भांडं आणावंच लागलं नाही. घडवंचीखालचं स्टीलचं पिंप वर आलं, माठ खाली गेला. पिंपाची तोटी बदलली, वॉशरसकट एकशे साठ रुपये. तोटीखाली पेला मावावा म्हणून पिंप घडवंचीच्या काठाशी सरकवलं.

हात न जाणारं निमुळत्या तोंडाचं भांडं चांगलं, असं पुस्तकं सांगतात आणि त्यामागे पुरावाही आहे. कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णांच्या घरी निमुळत्या मानेच्या सुरया देऊन पाहिल्या, तर त्या घरांत पटकीची लागण बरीच कमी झाल्याचं १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. पाण्यात हात जाऊ न देण्याची ताकद एवढी आहे. पण त्या कॅनचा खांदा मी पाहिला होता. जिथे हात जात नाही तिथे घासणीही जात नाही. म्हणून माझं मत असं झालं की तोंड रुंद, झाकण घट्ट आणि काढायला तोटी. घासताना हात आत जावा, पाणी घेताना जाऊ नये.

माठावरून मात्र रुसवाफुगवी झाली. उन्हाळ्यात माठाच्या पाण्याला तोड नाही, हे मलाही मान्य. मडक्याच्या भिंतीतून पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं, वीज न जाळता गार. गावचे जलसुरक्षक त्यांचं क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायचं साधन, घेऊन आले तेव्हा आम्ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. नळाच्या पाण्यात त्यांचे थेंब टाकले तर लिंबासारखा पिवळा रंग आला. तेच पाणी सकाळी पिंपात आणि माठात भरलं होतं. संध्याकाळी पिंपातल्या पाण्याला फिकट पिवळा आला, माठातल्याला काहीच नाही. मातीच्या भांड्यात क्लोरीन टिकत नाही. तेव्हा माठ ठेवायचा तर त्याला अधिक जपायला हवं. तोटीचा माठ आणला. आठवड्यात तोटीच्या भोकाशी गळायला लागला, परत केला. दुसराही गळला. शेवटी जुनाच माठ राहिला, पण त्यावर लाकडी झाकण, त्यात फक्त ओगराळं, आणि फुलपात्रं घडवंचीपासून दूर भिंतीच्या फळीवर. हात लांब गेला की ओगराळंच हाती येतं. मामांना सवय लागायला तीन आठवडे लागले. बाळाचं आणि पुतणीचं पाणी मात्र पिंपातलंच.

कॅन फेकला. प्लॅस्टिक सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही; खाद्यपदार्थांसाठीचं, अपारदर्शक, सावलीत ठेवलेलं आणि हात घालून घासता येणारं चालतं. पण गोठ्यामागचा निळा ड्रम, ज्यात आधी कसलंसं रसायन आलं होतं, तो "धुऊन घेतलाय" म्हणून मामांनी पाहुण्यांच्या दिवशी पाण्याला काढायचं ठरवलं होतं. त्याला मी कडकडून विरोध केला. रसायनाचा ड्रम किती धुतला तरी प्यायच्या पाण्याचा होत नाही.

नळाचं पाणी दिवसाआड येतं, म्हणून वीस-वीस लिटरची दोन पिंपं. पहिली पाच मिनिटं पाणी झाडांना, मग चौपदरी फडक्यातून गाळून पिंपात. पावसाळ्यात गढूळ आलं तर वेगळ्या बादलीत तुरटी फिरवून, निवळल्यावर वरचं घ्यायचं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, म्हणून त्यानंतर आरोग्य केंद्रातल्या क्लोरीनच्या बाटलीचे तिच्यावर लिहिलेत तेवढे थेंब आणि अर्धा तास थांबणं. क्लोरीनचा वास आजीला आवडत नाही. झाकण थोडं उघडं ठेवलं की तो कमी होतो, पण मग रखवालीही कमी होते, हे तिला सांगितलं. तिने तिच्यापुरता हंडा धरला. मला चालतं.

मशीन घेतलं नाही. आरओमधून एक लिटर शुद्ध पाणी निघताना दोन-तीन लिटर वाहून जातं, आणि राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको असं म्हटलं होतं. २८० च्या पाण्यावर ते चालवणं म्हणजे दुष्काळी तालुक्यांच्या जिल्ह्यात पाणी ओतून देणं.

सहा महिने

ऑगस्टमध्ये पुन्हा सहा बाटल्या भरल्या. पिंप स्वच्छ, हंडा स्वच्छ, माठ काळा. आम्ही हिरमुसलो. मग लक्षात आलं, ओगराळं खिळ्याला भिंतीलगत टांगलेलं, आणि त्या भिंतीवरून रात्री झुरळं फिरतात. ओगराळ्यासाठी झाकणाचा उभा डबा केला, माठ उन्हात वाळवून घेतला. सप्टेंबरात माठ स्वच्छ निघाला.

बाळाला जुलैनंतर डिसेंबरपर्यंत एकदाच जुलाब झाले, एका लग्नाहून आल्यावर. सगळं श्रेय पाण्याला द्यायला मी तयार नाही. त्याच काळात बाळ रांगायचं थांबून चालायला लागलं, म्हणजे जमिनीवरचं तोंडात घालणं कमी झालं. गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुवायचे असं घरात ठरलं. एका घरावरून सिद्धान्त काढता येत नाही; पण बाटलीचा काळा रंग गेला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मामेबहीण ठरल्याप्रमाणे आली, बाळंत झाली. आजीला नातीला मधाचं बोट आणि चमचाभर कोमट पाणी द्यायचं होतं. तिथे मी ऐकलं नाही, आणि बहिणीनेही. सहा महिने फक्त आईचं दूध; त्यात पाणी असतंच, बाळाला वरून थेंबही लागत नाही. आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाळंतिणीसाठी स्वतः पिंपातलं पाणी तोटीने घेऊन आली.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, संशय पाण्यावर गेला, आणि वाडीत पुन्हा मशीनवाल्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला वाटलं वहिनीचा फोन येणार. आला तो मामीचा. शेजारच्या घरी सुनेला जुळी झाली आहेत, थोरल्या पोरासाठी ओसरीवर पारदर्शक कॅन आहे, उन्हात.

"मी बॅटरी मारून बघितलं," मामी म्हणाली. "खांद्याला हिरवं आहे. येताना आशाताईंकडून चार बाटल्या घेऊन ये."